14 इंजिनं, डीसीसी आणि साउंड: खर्च नक्की किती धरायचा?

लूप_लाईन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मॉडेल रेल्वेचा, एचओ स्केलचा (खऱ्याच्या 1/87) लेआउट आहे, फार मोठा नाही, दोन गोल, एक छोटं यार्ड, सहा ब्लॉक (रुळांचे विजेने वेगळे केलेले तुकडे) आणि कुठला ब्लॉक कुठल्या कंट्रोलरवर ते ठरवायला समोर टॉगल स्विचांचं पॅनल. सगळं साध्या डीसीवर, म्हणजे नॉब फिरवला की रुळांतलं व्होल्टेज वाढतं आणि गाडी पळते, दोन कंट्रोलर. इंजिनं परवा मोजली तर 14 निघाली (मलाच धक्का, मी दहा समजत होतो). त्यातली सहा अलीकडची, डिकोडर (इंजिनात बसणारा डीसीसीचा छोटा सर्किट बोर्ड) खोचायला कुणात 8 पिनचं सॉकेट तर कुणात 21 पिनचं. उरलेली आठ जुनी, त्यात सॉकेटबिकेट काही भानगड नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात एका मित्राच्या लेआउटवर साउंडवालं डिझेल बघितलं. उभं असताना नुसतं घुरघुरत होतं, मग त्याने नॉब फिरवला तर आधी इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी नंतर हलली, अगदी वजन ओढत असल्यासारखी. बास, तेव्हापासून डोक्यात तेच. घरी येऊन माझी गाडी लावली तर गिअरांच्या किरकिरीशिवाय काही ऐकू येईना.

मग हिशोबाला बसलो. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, कमांड स्टेशन रुळांतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या पत्त्यावर वेगळा हुकूम पाठवतं आणि इंजिनातला डिकोडर तो पाळतो. साउंड डिकोडरची किंमत गुणिले 14 केलं आणि कागदाची घडी घालून ठेवून दिली. आणि गंमत म्हणजे त्यातल्या तीन-चार इंजिनांची आजची किंमत एका साउंड डिकोडरपेक्षा कमी आहे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर कमांड स्टेशन वेगळं, ते केबल, कॅपॅसिटर, स्पीकर वेगळे.

तर विचारायचं एवढंच की तुम्ही लोकांनी हे नक्की कसं केलं? सगळी इंजिनं एकदम बदलली का? जुन्यांवर खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि साउंडशिवाय नुसतं डीसीसी केलं तर मजा येते का, की ते म्हणजे अर्धवट काम? एक जुनं, सेकंडहँड साउंड इंजिन मध्ये हौसेने घेतलं होतं, डीसीवर लावलं तर निम्मा नॉब फिरवेपर्यंत जागचं हलत नाही आणि मग एकदम पळतं. ते खराब आहे का, तेही सांगा.

गार्डाचा_डबा

ते इंजिन खराब नाही रे, निवांत रहा. साउंड डिकोडरला आधी स्वतःला जागं व्हायला व्होल्टेज लागतं. पाच-सहा व्होल्ट तो स्वतःच खातो, मग आवाज सुरू करतो, मग मोटरला देतो. डीसीवर तुझ्याकडे उरतो वरचा निम्मा पट्टा, म्हणून एकदम पळतं. डीसीसीवर रुळांत कायम 14-15 व्होल्ट असतात, वेग कमी-जास्त करायचा तो डिकोडर करतो, त्यामुळे हा प्रश्नच राहत नाही. तेच इंजिन तिथे लावून बघ, मुंगीच्या पावलाने निघेल.

आता खर्चाचं. किमती प्रत्येकाकडे वेगळ्या आणि दर वर्षी वेगळ्या, म्हणून मी पैशात मोजतच नाही. साधा बिनआवाजाचा डिकोडर म्हणजे 1 माप असं धरतो. माझ्या खरेदीवरून सांगायचं तर साउंड डिकोडर स्पीकरसकट 3 ते 4 माप, बऱ्यापैकी कमांड स्टेशनचा सुरुवातीचा सेट 6 ते 8 माप, आणि कीप अलाइव्ह म्हणजे तो रूळ घाण असला तरी क्षणभर इंजिनाला जगवणारा कॅपॅसिटर, तो अर्ध्यापासून एक मापापर्यंत.

तुझी बेरीज बघ. 14 ही इंजिनांत साउंड म्हणजे 56, अधिक 7, झाले 63. 14 मध्ये नुसते साधे डिकोडर म्हणजे 14 अधिक 7, 21. आणि सहाच इंजिनं घेतलीस, त्यातल्या दोनांत साउंड, चारांत साधे, तर 8 अधिक 4 अधिक 7, फक्त 19. म्हणजे सगळ्यांत साधे घालण्यापेक्षाही कमी! लोक कमांड स्टेशन कुठलं घ्यायचं यावर महिनोन्महिने वाद घालतात, पण ते एकदाच घ्यायचं असतं. खिसा रिकामा होतो तो गुणाकारात. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की गेल्या वर्षभरात खरंच किती इंजिनं रुळावर आली? खोटं बोलू नकोस, इथे सगळे कपाटात इंजिनं ठेवणारेच आहेत.

अजून एक. डीसीसी हे कुठल्या एका कंपनीचं नाही. जर्मनीच्या लेन्झ कंपनीने मूळ पद्धत तयार केली आणि 90 च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने तिचं स्टँडर्ड केलं. त्यामुळे ईएसयूचा डिकोडर रोकोच्या स्टेशनवर आणि झिमोचा एनसीईच्या स्टेशनवर चालतो. म्हणजे आज एक घेतलास, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा, काही बिघडत नाही. एकदम सगळं घ्यायची घाई यासाठीसुद्धा नको.

वायरिंग तोडू नकोस. सगळे टॉगल एकाच बाजूला टाक आणि त्या बाजूच्या कंट्रोलरच्या जागी कमांड स्टेशन जोड, चाललं. पण दुसरा डीसी कंट्रोलर पूर्ण सोडवून बाजूला ठेव, म्हणजे ठेवच. मी ठेवला नव्हता. एक टॉगल चुकून पलीकडे राहिलं, इंजिनाची चाकं ब्लॉकच्या फटीवरून गेली आणि त्यांनी दोन्ही बाजू एकमेकींना जोडून दिल्या. कंट्रोलर गेला. स्टेशन वाचलं ते नशीब.

दोनतारी

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. सहा ब्लॉक, दोन गोल, एक माणूस चालवणार. याला डीसीसी लागतं का? दोन गाड्या दोन गोलांवर आत्ताही चालतातच की. डीसीसीचा खरा फायदा एकाच रुळावर दोन-तीन माणसं वेगवेगळी इंजिनं चालवतात तेव्हा, किंवा यार्डात एक इंजिन उभं ठेवून दुसरं त्याच्या पुढ्यात आणायचं तेव्हा.

आणि आवाज हवा असेल तर लेआउटच्या खाली एक चांगला मोठा स्पीकर लाव. एचओच्या इंजिनात जो स्पीकर बसतो तो नखाएवढा, त्यातून डिझेलचा खर्ज कुठून येणार? खाली चार इंची स्पीकर लावला तर टेबल थरथरतं. मान्य, आवाज गाडीबरोबर फिरत नाही, पण लेआउट लहान असेल तर कानाला तेवढं कळत नाही. माझं तर असं झालंय की पाहुणे आले की साउंड लावायचा आणि ते गेले की बंद करायचा, कारण पाच मिनिटांनी तोच तोच हॉर्न नको होतो.

गार्डाचा_डबा

@दोनतारी शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य 😄 पण डीसीसी म्हणजे फक्त दोन माणसं आणि तीन इंजिनं नाही हो. साध्या डिकोडरमध्ये सुद्धा बॅक ईएमएफ असतं, म्हणजे मोटर किती फिरतेय ते डिकोडर स्वतः तपासतो आणि चढावर थोडं जास्त देतो, उतारावर कमी. गाडी उभी असताना दिवे पूर्ण उजेडात. लूपलाईनने विचारलंय की साउंडशिवाय मजा येते का. मला विचारशील तर अर्धी मजा तिथेच आहे. ते 'आवाज आधी, गाडी नंतर' त्यातली 'गाडी नंतर' साध्या डिकोडरमध्येही येते, सीव्ही 3 मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग) आकडा वाढवायचा, गाडी हळू हळू वेग घेते. सीव्ही 4 वाढवला की थांबायलाही तसाच वेळ घेते, पहिल्या दिवशी बफरवर (रुळाच्या टोकाच्या अडसरावर) आपटणार हे लिहून घे.

डाग_दे

जुन्या आठ इंजिनांबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मी लिहिते. दादा, डिकोडर विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्या, नसेल तर. तो डिकोडरपेक्षा आधी लागणार आहे.

पहिली तपासणी. मोटरचे दोन्ही ब्रश चेसिसपासून आणि चाकांपासून पूर्ण वेगळे पाहिजेत. जुन्या इंजिनांत बऱ्याचदा मोटरचं एक टोक थेट धातूच्या चेसिसला टेकलेलं असतं, चेसिसच वायरचं काम करते. अॅथर्न कंपनीची ती निळ्या खोक्यातली जुनी इंजिनं याचं एकदम नमुनेदार उदाहरण, मोटरच्या खालची पितळी पट्टी फ्रेमला टेकते. ती पट्टी उलटी करून वायर जोडायची, खाली कॅप्टॉन टेप (विजेला अडवणारा) लावायचा, मोटर परत बसवायची आणि मीटर लावायचा. मीटरने बीप केलं तर परत उघडायचं. हे न करता डिकोडर लावला तर तो पहिल्याच सेकंदाला मरतो, आणि मोटरच्या बाजूने गेलेला डिकोडर दुरुस्त होत नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरी तपासणी स्टॉल करंट. इंजिनाला डीसीचे 12 व्होल्ट द्या, मध्ये अँपिअर मीटर, आणि फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने क्षणभर धरून थांबवा. क्षणभरच, जास्त नको, मोटर तापते. जो आकडा येईल तो डिकोडरच्या क्षमतेच्या आत पाहिजे. एचओचे बहुतेक डिकोडर 1 अँपच्या आसपासचे असतात. नवीन कॅन मोटर (बंद डब्यातली) अर्ध्या-पाऊण अँपात आटोपते, जुनी उघड्या बांधणीची मोटर दीड-दोन अँपपर्यंत सहज जाते. अशा इंजिनाला मोठा डिकोडर तरी घ्या नाहीतर मोटरच बदला, आणि मोटर बदलायची म्हटली की त्या इंजिनावर आणखी खर्च. म्हणजे तुमची ती कोंबडी आणि मसाला. भावनिक कारण असेल, म्हणजे वडिलांनी दिलेलं वगैरे, तर जरूर करा, हिशोब करू नका. नाहीतर अशांना एका सायडिंगवर उभं करा, शेडमधली बंद पडलेली इंजिनं म्हणून झकास दिसतात.

सॉकेट नसेल तेव्हा वायरचे रंग पाठच करा. लाल उजवा रूळ, काळा डावा रूळ, नारिंगी आणि करडा मोटरला, पांढरा पुढचा दिवा, पिवळा मागचा, निळा सगळ्या दिव्यांचा कॉमन. हिरवा आणि जांभळा पुढच्या फंक्शनना, म्हणजे जादा दिव्यांसारख्या सोयींना. निळ्यावर प्लस व्होल्टेज असतं, तो फ्रेमला टेकता कामा नये. माझा पहिला डिकोडर याच निळ्याने गेला, वायर मोकळी होती, मी म्हटलं आत्ता नुसतं चालवून बघू, दिवे उद्या जोडू. उद्या उजाडलाच नाही त्याच्यासाठी. तेव्हापासून न वापरलेल्या प्रत्येक वायरच्या टोकाला हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) लावते.

एलईडी असेल तर मध्ये रेझिस्टर हवाच, मी 1 किलोओहम लावते. आणि जुन्या इंजिनात 1.5 व्होल्टचा बारीक बल्ब असेल तर तो थेट जोडला की फट्कन जाणार.

सगळं झालं की आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग करायच्या वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर) ठेवा, मेन लाइनवर नाही. तिथे करंट मर्यादित सोडतात, त्यामुळे काही चुकलं असेल तर डिकोडर वाचायची शक्यता असते. पत्ता वाचता आला, म्हणजे सीव्ही 1 वाचला गेला, की मगच मेनवर.

आर्डुइनोबा

सगळे 6 ते 8 माप कमांड स्टेशनला सांगतायत म्हणून येतो. डीसीसी ईएक्स बघितलं नाही का कुणी? ओपन सोर्स आहे, आर्डुइनो मेगा बोर्ड, वर मोटर शील्ड, आणि एक पॉवर सप्लाय. एवढ्यात कमांड स्टेशन तयार. माझं 3 मापात झालं, त्यात वायफायचा बोर्डही आला. चालवायला फोनवर इंजिन ड्रायव्हर अॅप, संगणकावर जेएमआरआय, दोन्ही फुकट. जेएमआरआय तर कुठलंही स्टेशन घेतलंत तरी वापराच, डिकोडरचे सीव्ही स्टेशनच्या बटणांवरून एकेक टाकत बसण्यापेक्षा तिथे सरळ नावानिशी चौकटी येतात आणि प्रत्येक इंजिनाची फाइल जपून राहते.

एक सावधगिरी. आर्डुइनोची ती नेहमीची मोटर शील्ड वापरणार असाल तर तिच्या मागच्या बाजूला व्हीइन कनेक्ट नावाची जोडणी असते ती कापायची, नाहीतर रुळांचं व्होल्टेज खाली मेगामध्ये जातं. आणि ती शील्ड एका चॅनलला जास्तीत जास्त 2 अँप, चार-पाच एचओ इंजिनांना पुरेल. एकदम पाच साउंड इंजिनं रुळावर ठेवून पॉवर चालू केली तर सगळ्यांचे कॅपॅसिटर एकदम भरायला बघतात आणि स्टेशनला वाटतं शॉर्ट झालाय. हे महागड्या स्टेशनवर पण होतं बरं का.

लूप_लाईन

बापरे, एवढी उत्तरं, धन्यवाद सगळ्यांना. @आर्डुइनोबा म्हणजे हे घेतलं तर साउंड पण स्वस्तात होतो का? फोनमधून आवाज वगैरे?

आर्डुइनोबा

नाही, आवाज इंजिनातल्या डिकोडरमध्येच असतो, स्टेशन फक्त 'फंक्शन 2 चालू' एवढं सांगतं, हॉर्न वाजवतो तो डिकोडर. म्हणजे स्टेशन स्वस्त केलंस तरी डिकोडरचा गुणाकार तसाच राहतो. हां, जेएमआरआयमध्ये व्हर्च्युअल साउंड डिकोडर म्हणून प्रकार आहे, तो संगणकाच्या स्पीकरमधून आवाज काढतो आणि तुझ्या थ्रॉटलप्रमाणे (वेगाच्या नॉबप्रमाणे) इंजिनाचा आवाज चढवतो-उतरवतो. दोनतारी म्हणतात तसा खालचा मोठा स्पीकर जोडलास तर दोघांचंही समाधान 😄 फुकट आहे, खिशात हात न घालता करून बघायला हरकत नाही.

बारकेरूळ

मी एन स्केलवाला (एचओहून लहान), माझं रडगाणं वेगळं, पण एक युक्ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आमच्या इंजिनात डिकोडर बसतो तिथे स्पीकर बसत नाही, आणि चेसिस कापायची हिंमत माझ्यात नाही. मी काय केलं, साउंड डिकोडर आणि स्पीकर इंजिनाच्या मागच्या बंद मालडब्यात टाकला, चाकांवरून करंट घ्यायची सोय केली, आणि त्याला इंजिनाचाच पत्ता दिला. थ्रॉटल फिरवला की इंजिन चालतं आणि डबा बोलतो. इंजिनाच्या मागे लगेच जोडलेला असला की कानाला काही कळत नाही. फायदा हा की तोच डबा आज एका इंजिनामागे आणि उद्या दुसऱ्यामागे, फक्त पत्ता बदलायचा. म्हणजे एका साउंड डिकोडरात माझी पाच डिझेलं बोलतात. वाफेच्या इंजिनाला मात्र हे जमत नाही, तिथे भकभक चाकाच्या फेऱ्याबरोबर जुळायला लागते आणि डब्यातल्या डिकोडरला इंजिनाची मोटर दिसतच नाही.

डाग_दे

@बारकेरूळ वा, हे मस्त आहे. वाफेच्या इंजिनाला आमच्याकडे एचओत टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) असतो म्हणून बरं, स्पीकर तिथे जातो, पण इंजिन आणि टेंडरच्या मधून त्या सहा-सात वायरी वळणावर लवचिक राहतील अशा न्यायच्या म्हणजे संध्याकाळ गेली समजा.

@लूप_लाईन दोन इंजिनं जोडून गाडी ओढणार असाल तर एकातच साउंड पुरतो, दुसऱ्यात साधा. दोन-तीन मापं तिथेच वाचली.

लूप_लाईन

मंडळी, शनिवार-रविवार त्यातच गेला. मीटर घेतला, ताईंनी सांगितलं तसं एकेक इंजिन उघडलं. निकाल असा:

सॉकेटवाली सहा, सगळी पास, सगळ्यांचा स्टॉल करंट एक अँपच्या आत. जुन्या आठांपैकी चार करता येतील असं दिसतंय, दोनांचा स्टॉल करंट 1.8 च्या वर गेला, आणि दोन तर चालूच नाहीत, एकाचा गिअर फुटलाय ते मला आज कळलं, म्हणजे ते इंजिन मी किती वर्षं चालवलं नसेल! गार्डसाहेब तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर सहा. वर्षभरात रुळावर आलेली सहाच.

तर ठरवलं असं. आर्डुइनोबा, तुमचं खूप आवडलं पण कामावरून आल्यावर मला कोड अपलोड करत बसायचं नाही, मी तयार सेट घेतोय, 7 मापं. त्याच्याबरोबर एक साउंड डिकोडर 21 पिनवाल्या डिझेलसाठी आणि एक साधा 8 पिनचा. म्हणजे आत्ता 12 मापं. ते महागडं सेकंडहँड साउंड इंजिन तर आहेच, ते फुकटात धरलं. बाकी पुढच्या वर्षी बघू. घरी एवढा आकडा सांगता येतो, 63 सांगता आला नसता.

आता दोन शंका. 8 पिनचा प्लग उलटा बसला तर जळतो का? आणि साउंड डिकोडर घेताना कोऱ्यात आणि आवाज भरलेल्यात फरक काय, कोरा स्वस्त दिसतोय.

डाग_दे

8 पिन उलटा बसला तर सहसा जळत नाही, गाडी उलट्या दिशेने पळते आणि दिवे लागत नाहीत, एवढंच. पिन 1 ला नारिंगी वायर असते, सॉकेटवर 1 ची खूण शोधा. 21 पिनमध्ये एक भोक बुजवलेलं असतं त्यामुळे तो उलटा बसतच नाही, पण त्यात वेगळी भानगड आहे, काही डिकोडरांचे जादा फंक्शनचे आउटपुट नुसते लॉजिक लेव्हलचे (कमजोर, थेट दिवा न पेलणारे) असतात आणि काहींचे पूर्ण ताकदीचे. इंजिनाच्या पुस्तिकेत कुठला हवा ते लिहिलेलं असतं, ते वाचून मगच ऑर्डर द्या, नाहीतर केबिनचा दिवा का लागत नाही म्हणून आठवडाभर डोकं धराल.

गार्डाचा_डबा

कोऱ्या डिकोडरचं मी सांगतो, कारण त्यात मी फसलोय. ईएसयूचा लोकसाउंड कोरा घेतला तर त्यात आवाजाची फाइल भरायला त्यांचा लोकप्रोग्रॅमर लागतो, आणि तो घेतला की कोऱ्याची बचत कुठल्या कुठे. फाइली ईएसयू स्वतःच्या साइटवर फुकट देतं, पण भरायचं यंत्र फुकट नाही. एकच डिकोडर असेल तर विकणाऱ्याकडूनच तुझ्या इंजिनाचा आवाज भरून घे, बरेच जण भरून देतात. पाच-सहा होणार असतील तर मग प्रोग्रॅमर परवडतो, किंवा दोघा-तिघांनी मिळून एक घ्यायचा. साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी 2 डिकोडरचा मार्ग वेगळा, त्यात अमेरिकन इंजिनांचे आवाज आधीच भरलेले असतात, ईएमडी कंपनीच्या डिझेलचा वेगळा, अल्कोच्या डिझेलचा वेगळा, वाफेचा वेगळा, आणि त्यातलं प्राइम मूव्हर (मुख्य डिझेल मोटर), हॉर्न, घंटा सीव्हीने निवडायची. यंत्र लागत नाही, पण त्यात जे आहे तेच.

आणि जुना सेकंडहँड साउंड डिकोडर स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नकोस. जुन्या लोकसाउंड 3.5 ला 100 ओहमचा स्पीकर लागायचा. त्याला आजचा 4 किंवा 8 ओहमचा लावला की अॅम्प्लिफायर गेला. तुझ्या त्या सेकंडहँड इंजिनात कुठला आहे ते स्पीकर बदलायच्या आधी बघून घे.

बारकेरूळ

स्पीकरचं निघालंच आहे तर, मोबाइलमध्ये असतो तसला चौकोनी शुगर क्यूब स्पीकर घे, आणि त्याचा डबा, म्हणजे मागची बंद खोली, ती हवाबंद कर. माझ्या पहिल्या स्पीकरला मी डबाच लावला नव्हता, आवाज इतका पिचका की डिकोडर खराब म्हणून परत पाठवणार होतो. नुसता प्लॅस्टिक शीटचा डबा चिकटवला, कडा गोंदाने बुजवल्या, तोच स्पीकर दुप्पट मोठा वाटायला लागला. या एका गोष्टीला जवळपास खर्च नाही आणि फरक सगळ्यात जास्त. आणि आवाज पूर्ण ठेवू नकोस, लोकसाउंडमध्ये सीव्ही 63 हा मास्टर व्हॉल्यूम, तो निम्म्यावर आण. पूर्ण ठेवला तर त्या छोट्या स्पीकरचा आवाज फाटतो.

दोनतारी

आणि घरच्यांचा पण 😄

लूप_लाईन

सामान आलं!! सेट जोडला, टॉगल सगळे एका बाजूला, दुसरा कंट्रोलर सोडवून कपाटात, गार्डसाहेब. साउंड डिकोडर 21 पिनमध्ये बसवला, स्पीकरचा डबा गोंदाने बुजवला. साधा 8 पिनवाल्यात बसवला, पहिल्यांदा उलटाच बसला, दिवे लागले नाहीत, ताई तुमचं वाक्य आठवलं, फिरवून लावला. दोन्ही प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचले गेले. मग दोन्ही इंजिनं मेनवर ठेवली, साउंडवाल्याचा पत्ता 3 म्हणून तो निवडला, हॉर्न वाजला, अंगावर काटा आला खरं सांगतो. नॉब फिरवला तर दोन्ही इंजिनं एकदम निघाली आणि एकमेकांच्या अंगावर यायला लागली. साधं वाजत नाहीये पण पळतंय. काय चुकलं? घाबरून पॉवर बंद केलीये.

डाग_दे

काही चुकलं नाही. नवीन डिकोडर सगळे 3 नंबरवरच येतात, तुमच्या दोघांचा पत्ता एकच आहे. एकाला रुळावरून उचला, दुसऱ्याला प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून सीव्ही 1 मध्ये 4 टाका. इंजिनाचा चार आकडी नंबर पत्ता म्हणून हवा असेल तर तो सीव्ही 17, 18 आणि 29 चा खेळ आहे, स्टेशनमध्ये 'लाँग अॅड्रेस' निवडलं की ते स्वतःच करतं. आणि कुठे काही गोंधळ झाला तर बऱ्याच कंपन्यांच्या डिकोडरमध्ये सीव्ही 8 मध्ये 8 टाकलं की सगळं मूळ स्थितीला येतं.

लूप_लाईन

झालं! 4 दिला. आता 3 उभं राहून घुरघुरतंय आणि 4 त्याच्या बाजूने जातंय, एकाच ब्लॉकमध्ये, टॉगलला हातही न लावता. बफरवर मात्र दोनदा आपटलं, सीव्ही 4 कमी करतोय.